डोक्यात कोण कोणाशी बोलतं

छापून आलेली बातमी माणूस विसरतो. मीही विसरतो. लक्षात राहतं ते, जे डेस्कवाल्याने "जागा नाही" म्हणून कापलं! इतकी वर्षं रिपोर्टिंग केल्यावर माझ्याकडे अशा कापलेल्या तुकड्यांचा ढीगच झालाय. मंत्रालयाचा ढीग वेगळा, कोर्टाचा वेगळा. पण अलीकडे सगळ्यांच्या वर चढून बसलाय तो परळच्या एका इस्पितळातल्या चौथ्या मजल्याचा.

तिथे एक लॅब आहे. माणसाच्या मेंदूतला कुठला भाग कुठल्या भागाशी बोलतो, त्याचं जाळं ही मंडळी काढतात. त्यावरून माणूस असा का वागतो याचा अंदाज घेतात, आणि नेमका कुठे हलकासा धक्का दिला तर ते बोलणं सुधारेल हे शोधतात. इस्पितळाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तिथले साहेबलोक चिडतील, आणि मला त्या लॅबमध्ये अजून चहा प्यायचाय!

*

पहिल्यांदा गेलो तो लॅबला बातमीत ठोकायला.

ऑफिसात फोन आला होता, "परळला गरिबांच्या डोक्यात करंट सोडतात, साहेब. छापा!" असल्या फोनची मी वाटच बघत असतो. दार ढकलून आत शिरलो आणि थेट आवाज चढवला, "कोणाच्या परवानगीने चाललंय हे?"

लॅबच्या प्रमुख डॉ. परेरा. बाई गिरगावातल्या, खोताच्या वाडीत वाढलेल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "कागद दाखवते. आधी बसा. उभ्याने भांडलं की दम लागतो."

कागद चोख निघाले. माझी निराशा झाली! मग मी शेवटचं अस्त्र काढलं, "हे धक्के तुम्ही स्वतः घेता का?"

"घेते की." त्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दिसणारं एक वेटोळं उचललं आणि स्वतःच्या डोक्याला टेकवलं. टक्! त्यांचा अंगठा आपोआप उडाला. आत चुंबक असतो म्हणे, त्याने मेंदूत क्षणभर वीज उठते.

"हातचलाखी!" मी म्हणालो.

"मग तुमच्यावर करू? डोक्यात धातूची पट्टी वगैरे? फिट येते?"

"डोक्यात फक्त राग आहे."

"तो चालतो," बाई म्हणाल्या.

टक्! माझ्या हातातलं पेन उडून टेबलाखाली गेलं.

"लिहा आता! पत्रकाराच्या हातून पेन काढून घेणारं मशीन!"

सगळी लॅब हसली. मी वाकून पेन उचललं आणि इरेला पेटून लिहायला लागलो. तशा बाई हसायच्या थांबल्या. मी पेन अख्ख्या मुठीत धरलं होतं, बत्ता धरतात तसं.

"असं कधीपासून धरताय?" त्यांनी विचारलं.

हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. दाढी करताना हात ठीक, बांगडे साफ करताना ठीक, कॅरमला तर एकदम फर्स्ट क्लास! पण पेन कागदाला टेकलं की बोटं आत वळायची, मनगट फिरायचं आणि अक्षर खेकड्यासारखं तिरकं पळायचं. दोन वर्षं मी ऑफिसात थाप मारत होतो की मी मॉडर्न झालोय, सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करतो. पण लालबागच्या चाळीत माणसासमोर मोबाईल ठेवला की तो भाषण ठोकतो. पेन असलं की बोलतो! माझ्या बातम्या मिळमिळीत व्हायला लागल्या होत्या. संपादक एकदा गोड आवाजात म्हणाले, "परब, दिवाळीनंतर डेस्कवर बसा. आराम करा."

डेस्क! म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्यांतले उकार दुरुस्त करत रिटायरमेंटची वाट बघायची!

हाडांच्या डॉक्टरने मानेच्या नसेवर ढकललं होतं, दुसऱ्याने टेन्शनवर, तिसऱ्याने योगावर. परेराबाईंनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या, बशी धरायला लावली, शर्टाचं बटण लावायला लावलं आणि म्हणाल्या, "याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. हात ठणठणीत आहे. बिघाड डोक्यातल्या बोलण्यात आहे."

ठोकायला गेलेला मी केसपेपर काढून घरी आलो!

*

हात ठणठणीत आणि तरी लिहिता येत नाही, हे माझ्या गळी उतरेना. ते उतरवायचं काम अमोल जाधववर आलं. अमोल इंजिनीअर. नायगावच्या चाळीतला. स्कॅनमधून मेंदूचं जाळं बाहेर काढायचं गणित त्याचं.

"सर, तुमच्याकडे पेपर कोण काढतं?" त्याने विचारलं.

"संपादक."

"नक्की? मग दुपारी चारपासून पान जाईपर्यंत कोण कोणाला फोन करतं ते सांगा."

मी सांगत गेलो, तो कागदावर ठिपके आणि रेघा काढत गेला. रिपोर्टर, फोटोग्राफर, जाहिरातवाले, छापखाना. थोड्या वेळाने बघितलं तर सगळ्या रेघा एकाच ठिपक्याला जाऊन चिकटलेल्या. तो ठिपका म्हणजे पानं लावणाऱ्या शेट्येबाई! आणि पार कोपऱ्यात एक एकटा ठिपका, त्याला एकच बारीक रेघ.

"हा कोण रे?"

"तुमचे संपादक. ते फक्त शेट्येबाईंना फोन करून विचारतात, 'झालं का?'"

मी खुर्चीतून पडायचा बाकी!

"आता बघा," अमोल म्हणाला, "उद्या पान उशिरा गेलं तर लोक छापखान्याला शिव्या देणार. पण छापखाना बरोबर आहे. कोणीतरी शेट्येबाईंना सारखे फोन करून हैराण केलंय. तुमच्या डोक्यात तसंच झालंय. बोटं वळतात म्हणून बोटांच्या जागेला झोडून उपयोग नाही. कोण कोणाला जास्त फोन करतंय ते बघायचं."

मला एका मिनिटात समजलं. इतकी वर्षं विज्ञानाच्या पत्रकार परिषदांत बसून जे समजलं नव्हतं ते!

तो कागद मी ऑफिसच्या बोर्डावर टाचला. संपादक आले, चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले.

"यात मी कुठे आहे?"

शेट्येबाईच म्हणाल्या, "सर, तिथेच पिन टोचलीय."

*

या लॅबची एक सूचना आहे. डोक्यावर तारांची टोपी चढवायची असेल त्या दिवशी केस धुऊन या, तेल लावू नका. ही सूचना द्यायचं काम तंत्रज्ञ सुषमाताई तावडे यांचं. बाई लालबागच्या, बोलणं अस्सल मालवणी.

प्रभादेवीच्या एक मालतीकाकू नैराश्यासाठी यायच्या. गोळ्या घेऊन थकलेल्या. घराबाहेर पडणं, माणसांत बसणं सगळं बंद. सुनेने कसंबसं आणलं. सुषमाताईंनी डोक्याला हात लावला आणि हात सटकन घसरला!

"अगो बाय! तेल लावू नको सांगितललंय मां?"

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "डोक्यात वीज सोडणार म्हणालात. उष्णता होणार. म्हणून सुनेने सकाळी थंड तेल जिरवलं."

सून म्हणाली, "बाटली संपली, ताई."

त्या दिवशी लॅबच्या बेसिनवर न्हाणं झालं. सुषमाताई चोळतायत, सून पाणी ओततेय आणि मुख्य डॉक्टर टॉवेल धरून उभ्या!

उपचार सुरू झाले. आठवडे गेले. पुढच्या तपासणीला काकू स्वच्छ धुतलेले केस घेऊन आल्या, आणि अंबाड्यावर हा एवढा मोगऱ्याचा गजरा!

"काकू, गजरा काढूक होयो. टोपी बसाची नाय."

"काढणार नाही," काकू म्हणाल्या. तो आवाज लॅबने पहिल्यांदाच ऐकला. "दीड वर्षाने केसांना हात लावलाय मी."

सुषमाताईंनी गजऱ्यावरूनच टोपी चढवली. अमोलने स्क्रीन बघितला आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, मागच्या दोन तारांवर सिग्नल नीट येत नाहीये."

परेराबाईंनी काकूंकडे बघितलं, गजऱ्याकडे बघितलं.

"त्या दोन तारा सोडून दे रे!"

*

माझं जाळं काढायचं म्हणून मला स्कॅनच्या बोगद्यात घातलं. आत बारीक स्पीकर. त्यातून परेराबाईंचा आवाज आला, "परब, आता काही करायचं नाही. शांत पडायचं. विचार येतील ते येऊ द्या."

"कसले विचार?"

"कसलेही. बोलू नका."

मी पडलो. मशीन ठणाणा करत होतं. विचार आला, की या इस्पितळात पाण्याचा कूलर बंद का आहे? मग विचार आला, की त्या कूलरचं कंत्राट कोणाकडे आहे? मग मी त्या कंत्राटदाराला मनातल्या मनात फोन लावला. तो उडवाउडवी करायला लागला! मीही सोडतोय होय!

मशीन थांबलं. स्पीकर खरखरला. "परब, स्कॅन फुकट गेला. तुमची मान सारखी हलतेय."

"मी काही बोललो नाही!"

"बोलला नाहीत. पण नाही-नाही करत होतात. कोणाशी भांडत होता?"

मी कंत्राटदाराचं सांगितलं. पलीकडे कुजबुज झाली. मग बाई म्हणाल्या, "भांडा. जोरात भांडा. फक्त जिंकेपर्यंत मान हलवू नका!"

दुसरा स्कॅन नीट आला. कूलरही पुढच्या महिन्यात सुरू झाला, पण ते श्रेय मेंदूविज्ञानाचं नाही, माझ्या बातमीचं आहे.

*

एक माजी नगरसेवक लॅब बघायला आले. पुढच्या निवडणुकीकडे डोळे लागलेले. मशीनभोवती फिरले, स्क्रीनवरच्या रंगीत रेघा बघून खूश झाले आणि परेराबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, यात कळतं का, समोरचा आपल्याला मत देणार की नाही?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "या खोलीत आम्ही मोजून पाच-सहा माणसं. सगळ्यांच्या मेंदूचे नकाशे माझ्याकडे आहेत. तरी माझी कात्री कोण नेतं, ते मला अजून कळलेलं नाही!"

*

आता ज्यावर मी खरा पेटलो ते सांगतो.

दादरमध्ये एका गाळ्यात 'मेंदू तल्लख करणारं हेल्मेट' विकायला आलं. दहावीच्या पोरांसाठी! वर निळे दिवे, बाजूला बटण. आईबाप रांगेत उभे. मालकाला विचारलं, "याला आधार काय?" तर म्हणतो, "साहेब, मेंदूचं सगळं नेटवर्क असतं. आम्ही ते फास्ट करतो."

माझी तळपायाची आग मस्तकात! इथे परळला ही माणसं एकेका पेशंटचा नकाशा काढून, जागा पुन्हा पुन्हा तपासून, घाबरत घाबरत एक टक् करतात. आणि हा गडी सगळ्यांच्या पोरांना एकच टोपी घालतोय! मी हेल्मेट विकत घेतलं आणि लॅबमध्ये आणून आपटलं. "हे धोकादायक आहे असं लिहून द्या. याला मी उद्याच्या पहिल्या पानावर घेतो!"

अमोलने स्क्रू काढले. आत डोकावला. बराच वेळ डोकावला.

"सर, असं लिहून देता येणार नाही."

"का? घाबरतोस?"

"नाही हो. दिव्यांच्या पलीकडे तारच जोडलेली नाही. आजवर पाहिलेल्यांत हे सगळ्यात सुरक्षित मशीन आहे!"

*

उपचाराचा खरोखर उपयोग होतो की नुसता भास, हे बघायला लॅबचा एक नियम आहे. तुम्हाला दोन फेरे मिळतात. एक खरा, एक खोटा. खोट्यात वेटोळं नुसतंच टकटक करतं, डोक्यात काही पोचत नाही. कुठला फेरा कुठला, ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

हे ऐकून मी हसलो. "बाई, तीस वर्षं मी मंत्र्यांची खोटी आश्वासनं ओळखत आलोय. तुमचं खोटं वेटोळं मला ओळखता येणार नाही?"

पहिला फेरा झाला. मला काहीच वाटलं नाही. चहाच्या वेळी जाहीर केलं, "हा खोटा!" दुसरा फेरा काय वर्णावा! बोटं हलकी, मान मोकळी, डोक्यात कसं लख्ख. घरी जाताना गुणगुणत गेलो आणि दुसऱ्या दिवशी लॅबला पेढे वाटले. सुषमाताईंना दोन जास्त.

यथावकाश पाकीट उघडलं. पहिला फेरा खरा. दुसरा खोटा!

मी भडकलो. "शक्यच नाही! तपासा परत!" मग अमोलने संगणकाच्या पाटीवर घेतलेलं माझं अक्षर दाखवलं. पहिल्या फेऱ्यानंतर पेनावरचा दाब कमी झाला होता, रेघ सरळ झाली होती. थोडीच, पण झाली होती. दुसऱ्यानंतर पुन्हा होतं तसं. माझ्याच हाताने मला सांगितलं नव्हतं!

मी मान खाली घालून बसलो. सुषमाताई जवळ आल्या, खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "जावंद्या ओ परबानू. पेढे तरी खरे होते मां?"

*

मला आभार मानायला जमत नाही. आमच्या धंद्यात ती सवय लागत नाही, आणि कोणी गोड बोललं तर आम्ही आधी पाठीमागे बघतो. पण या माणसांनी मला ज्या चिकाटीने सहन केलं, तेवढं माझ्या घरच्यांनीही केलं नसेल.

चाचणीचे फेरे संपले आणि रोजचा खरा उपचार सुरू झाला. जागा नकाशावरून आधीच ठरलेली. बोटं हलवणारी नाही, तर तिच्या जरा पुढची, जिथे हालचालीची तयारी होते. तिथून नको तितका आरडाओरडा चालू होता. "तिथला आवाज थोडा खाली आणायचा," परेराबाई म्हणाल्या. "होईलच असं वचन देत नाही. प्रयत्न करू." रोज सकाळी टकटक, आणि लगेच लिहायचा सराव. वाक्य ठरलेलं, 'आज हवा चांगली आहे.'

पण तिघं समोर उभे राहून बघताहेत म्हटल्यावर माझं 'आज'वरच अडायचं. बोटं आत! रोज तेच. दिवाळी जवळ आली. ऑफिसात डेस्कची खुर्ची पुसून ठेवलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. शेवटी एका सकाळी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "सोडा बाई. माझ्यामागे वेळ घालवू नका."

बाई काहीतरी बोलणार, एवढ्यात बाहेर गलका झाला. जाऊन बघतो तर एक म्हातारे गृहस्थ व्हरांड्यात फरशीवर बसलेले, धापा टाकत. अर्धांगवायू होऊन गेलेला. बायको पदराने वारा घालत होती. कठड्याला धरून चार मजले चढून आले होते, कारण लिफ्ट पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली! कसल्याशा उद्घाटनाचे पाहुणे!

मी वॉचमनला धरलं. "कोणी बंद केली लिफ्ट?"

"वरून ऑर्डर आहे."

"वरून म्हणजे कोण?"

"वरून."

तसाच खाली कार्यालयात गेलो. तिथला बाबू मान वर न करता म्हणाला, "तोंडी चालत नाही. लेखी द्या."

मी जिना चढून परत आलो. लॅबच्या मंडळींनी म्हाताऱ्यांना आत आणून खुर्चीत बसवलं होतं, पाणी दिलं होतं. "कागद!" मी ओरडलो. सुषमाताईंनी हाताला लागला तो कागद पुढे सरकवला. मी बसलो, टेबलावरचं पेन ओढलं आणि एकेक वाक्य मोठ्याने बोलत सुरुवात केली. माननीय अधीक्षक, महोदय, आपल्या इस्पितळातली लिफ्ट रुग्णांसाठी आहे की पाहुण्यांसाठी? चौथ्या मजल्यावरचं बाकडं मोडून किती दिवस झाले? व्हरांड्यातला पंखा कोणाच्या ऑर्डरची वाट बघतोय? अर्धांगवायूच्या रुग्णाला जिना चढायला लावणाऱ्या माणसाचं नाव आणि हुद्दा लेखी कळवावा!

"बरोबर आहे ना? ऐकताय ना?" मी विचारलं.

वर बघितलं तर अमोल चहाचा ग्लास तिरका धरून उभा, चहा बुटावर सांडतोय. सुषमाताईंनी ओढणी तोंडावर दाबलेली.

"अरे, माणूस चार मजले चढून आलाय आणि तुम्ही पुतळ्यासारखे काय उभे!" माझा पारा आणखी चढला. "अजून संडासाच्या कडीचं राहिलंय, औषधांच्या खिडकीचं राहिलंय, आणि हा कागद संपला!"

डॉ. परेरा टेबलाशी आल्या. त्यांनी सरळ अक्षरांनी भरलेला तो कागद हळूच उचलला, उलटा केला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"मागची बाजू कोरी आहे, परब. थांबू नका."